पायातला बूट आणि घर्षण

धुळ्याजवळचा लळिंग किल्ला चढताना पायात काय घालावे? एक सोपा प्रयोग करू या. फळीवर बूट ठेवून तिचे एक टोक सावकाश उचला. बूट घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले फळीखालचे आडवे अंतर, हा झाला घर्षण गुणांक. उंची ६० सें.मी. व अंतर १०० सें.मी. असल्यास गुणांक ०.६, कोन सुमारे ३१ अंश. बुटात वजन ठेवा. कोन जवळजवळ तोच येईल. म्हणजे अंगाने हलक्या मुलालाही घसरण्यापासून सूट नाही! आता फळीवर कोरडी वाळू भुरभुरवा. गुणांक घटेल, कारण कण तळाखाली लोळतात. उतारावरच्या सुट्या मुरमाचेही तसेच. म्हणून तळ झिजलेली चप्पल घरी ठेवा, खोल खाचांचा बूट घाला आणि उतरताना पावले आखूड टाका.