अपघातानंतर येणारा इंजिनिअर

डिग्री झाली की पुण्याची गाडी पकडायची, हे आपल्या होस्टेलमध्ये आधीच ठरलेलं असतं. पण खामगाव-नांदुरा रस्त्यावर एखादी कार ठोकली गेली, की नुकसान मोजायला येणारा विमा सर्व्हेअरही बऱ्याचदा इंजिनिअरच असतो.

त्यासाठी नुसती डिग्री पुरत नाही. अनुभवी सर्व्हेअरच्या हाताखाली ट्रेनिंग, परीक्षा आणि आयआरडीएआयचे लायसन्स लागते. सुरुवातीला कामे कमी, आणि पगार नव्हे तर प्रत्येक कामामागे फी.

हिशेब तसा सोपा आहे. समजा, कार साडेचार वर्षांची, 'झिरो डेप' घेतलेलं नाही. बोनेट १०,००० रुपये, बंपर ४,०००, काच ३,०००. घसारा धातूवर ३५ टक्के, प्लास्टिकवर ५० टक्के, काचेवर शून्य. म्हणजे १७,००० पैकी ११,५०० मान्य. त्यातूनही सक्तीची वजावट जाते.

खरी परीक्षा इथून पुढे. मालक म्हणतो, "साहेब, मी तर पूर्ण बिल भरलं!" फी कंपनी देते, म्हणून त्याला आपण कंपनीचेच वाटतो. गॅरेजवाला ओळखीचा निघतो आणि हळूच म्हणतो, "जुना डेंटपण यातच धरा ना." आपल्या छोट्या गावांत उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं. तरी त्याला नाही म्हणायचं, आणि मालकाच्या हक्काचा एक रुपयाही कापायचा नाही. घसाऱ्याचा तक्ता एका रात्रीत पाठ होतो. हे मात्र कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

मेकॅनिकलवाल्यांनो, पुणे तर आहेच. हाही रस्ता एकदा पाहून ठेवा!