बॅकअप एजंट जोडताना: काय करावे, काय टाळावे

विरारच्या बोळिंजमधल्या एखाद्या रुग्णालयाचा किंवा पतसंस्थेचा डेटाबेस मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालतो आणि बॅकअपचे मध्यवर्ती सॉफ्टवेअर मुंबईच्या मुख्य कार्यालयात. दोघांना जोडणारा एजंट बसवायला फारसा वेळ लागत नाही. भांडण पुढे सुरू होते: वेळापत्रक कुणाचे, जुन्या प्रती पुसायच्या कुणी, रात्री दोनला फोन उचलायचा कुणी? डेटाबेसवाल्याला वाटते बॅकअपवाला बघतोय, बॅकअपवाल्याला वाटते डेटाबेसवाला. म्हणून आधी नावानिशी मालक ठरवावा, मग इन्स्टॉलरला हात लावावा.

काय करावे

• वेळापत्रक एकाच हाती द्यावे. मध्यवर्ती सॉफ्टवेअर काम सुरू करणार असेल, तर सर्व्हरवरचे जुने जॉब शोधून बंद करावेत. एसक्यूएल सर्व्हरवर दोन साधने लॉग बॅकअप घेऊ लागली, की साखळीचे काही दुवे एकाकडे जातात, काही दुसऱ्याकडे. मग हव्या त्या मिनिटापर्यंत परत येणे एकट्याच्या फायलींतून जमत नाही. मध्येच फुल बॅकअप हवाच असेल तर 'कॉपी-ओन्ली' घ्यावा, म्हणजे डिफरन्शियलचा पाया बदलत नाही.

• पुसण्याचा अधिकारही एकाचाच. ओरॅकलच्या आरमॅनमध्ये मुदत 30 दिवस आणि मध्यवर्ती सॉफ्टवेअरमध्ये 14 दिवस ठेवली, तर आरमॅनच्या यादीत दिसणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रती साठ्यात नसतात. 'क्रॉसचेक' चालवेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. कंट्रोल फाइलमध्ये बॅकअपच्या नोंदी जपण्याची मूळ मुदतही 7 दिवसांचीच असते. ती वाढवावी किंवा स्वतंत्र रिकव्हरी कॅटलॉग ठेवावा. तो त्याच सर्व्हरवर मात्र नको.

• आरमॅनला काम देण्याआधी एजंटची लायब्ररी 'एसबीटीटेस्ट'ने तपासावी. पुढची निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

• अधिकार बेताचे द्यावेत. ओरॅकल 12सीपासून बॅकअपसाठी 'सिसबॅकअप' आहे. सवयीने 'सिसडीबीए' देऊन मोकळे होऊ नये.

• पहिल्या फुल बॅकअपचा हिशोब कागदावर मांडावा. 500 जीबीचा डेटाबेस 50 एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, 22 तासांहून अधिक लागतात. आणि जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, बॅकअपला लागतो अपलोड. त्यापेक्षा पहिली प्रत एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर घेऊन लोकलने पोहोचवावी, आणि रोजचे बदल तेवढे लाइनवरून जाऊ द्यावेत. सॉफ्टवेअरला अशी सुरुवात चालते का, हे खरेदीआधीच विचारावे.

• जून लागण्याआधी दुसऱ्या यंत्रावर संपूर्ण रिस्टोर करून पाहावा आणि लागलेला वेळ टिपून ठेवावा. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल थांबल्या. तशा दिवशी मुख्य कार्यालयातला जाणकार विरारला उतरेल हे गृहीत धरू नये. पायऱ्या साध्या मराठीत छापून इथल्याच माणसाकडे द्याव्यात, आणि सराव त्याच्याकडूनच करून घ्यावा.

काय टाळावे

• डॅशबोर्डवरच्या हिरव्या खुणेवर भिस्त. काम संपले एवढेच ती सांगते. प्रत वापरता येईल असे सांगत नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. पोस्टग्रेस 9.6 वर चालत होते आणि बॅकअपचे साधन 9.2 चे, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. त्याचे इशारे ईमेलने निघत होते, पण समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवरून गाडी रुळावर आली. इशारा खरोखर कुणाच्या मोबाइलवर वाजतो, हे मुद्दाम एक जॉब पाडून तपासावे.

• लॉगच्या जागेकडे दुर्लक्ष. मध्यवर्ती सर्व्हर बंद पडला की पोस्टग्रेसचे वॉल आणि ओरॅकलचे आर्काइव्ह लॉग साचत जातात. डिस्क भरली की ओरॅकल ओआरए-00257 दाखवून अडून बसते, आणि काउंटरवरची रांग तिथेच. एका लांब शनिवार-रविवारचे लॉग मावतील एवढी जागा राखावी. जागा करण्यासाठी वॉलच्या फायली हाताने पुसणे हा तर आत्मघात.

• व्हर्च्युअल मशीनच्या स्नॅपशॉटला डेटाबेसचा बॅकअप म्हणणे. तो जरूर घ्यावा, पण त्याने लॉग छाटू नयेत. ते काम एजंटचे.

• दोनदा आवळणे. मध्यवर्ती साठा सारखे तुकडे एकदाच ठेवणारा असेल, तर डेटाबेसकडून कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट करून पाठवू नये. सारखेपणा ओळखता येत नाही आणि साठा भराभर फुगतो. वाटेवरचे एन्क्रिप्शन एजंटकडे, साठ्यातले मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे.

• बॅकअपच्या कन्सोलला कार्यालयाच्याच डोमेनचे लॉगिन. रॅन्समवेअर आत शिरले की डेटाबेस आणि त्याच्या प्रती एकाच पासवर्डने जातात. जुलै 2024 च्या अखेरीस लहान बँकांना सॉफ्टवेअर सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एनपीसीआयने तिला पेमेंट जाळ्यापासून तोडले आणि सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार अडले. पतसंस्थेचे सॉफ्टवेअर बाहेरची कंपनी चालवत असेल, तर एक प्रत तिच्या हाताबाहेर असावी, ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाही अशी. त्या प्रतीची एन्क्रिप्शनची किल्ली त्याच सर्व्हरवरच्या एक्सेल फाइलमध्ये नको. पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवावी, आणि लॉकर कुणाच्या नावावर आहे तेही लिहून ठेवावे.