नाताळचा वानवळा

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ)

वाचावयाचे भाग : नहेम्या ८:९-१२, एस्तेर ९:२०-२२, लूक १४:१२-१४.



शेतातील नवे पीक घरी आले म्हणजे त्यातील पसाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांस व लेकीच्या सासरी पाठवावयाचे, ही आपल्याकडील चाल फार जुनी आहे. ह्या देण्यास आपण वानवळा म्हणतो. जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत नाताळ येतो तो नेमका ह्याच दिवसांत. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात भात, नाचणी, वरई व कारळे घरी आलेले असतात, पूर्वेकडे गुऱ्हाळे चालू असतात, आणि हवा थंड व कोरडी असल्यामुळे केलेला जिन्नस टिकतो. म्हणून घरी केलेल्या पदार्थांची परडी भरून नाताळची भेट देण्यास आपल्या लोकांस दुकानाच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण नाही. परंतु परडी कशी भरावी ह्याआधी ती कोणासाठी भरावी हे शिकले पाहिजे. आणि तोच ह्या पाठाचा पहिला भाग आहे.

१. शास्त्र काय शिकविते

यरुशलेमेत पाणीवेशीसमोर एज्रा शास्त्र्याने नियमशास्त्र वाचून दाखविले, तेव्हा लोक रडू लागले. त्यांस सांगण्यात आले की हा दिवस रडण्याचा नव्हे. खावे, प्यावे, आणि ज्यांच्या घरी काही सिद्ध झालेले नाही त्यांस त्यांचा वाटा पाठवावा. हा वाटा पाठविण्याचा आदेश सोयऱ्यांविषयी किंवा मानकऱ्यांविषयी नाही. तो ज्याची चूल थंड आहे त्याच्याविषयी आहे.

एस्तेरच्या पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत : एकमेकांस ताटे पाठविणे आणि गरिबांस दाने देणे. तेव्हा इष्टमित्रांस फराळ पाठविणे गैर नाही. पण पहिल्या गोष्टीने दुसरीचा वाटा खाऊन टाकू नये. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने यजमानास जे शिकविले त्याचे मर्मही हेच. जो परतफेड करील त्यालाच दिले, तर ते देणे नसून उसनवारी होय.

२. दगडावरील नावे

आपल्याच मुलुखातील एक दाखला घ्या. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेणी कोरली गेली. शिवनेरीच्या डोंगरातील एका ब्राह्मी लेखात चिट नावाच्या एका यवनाने संघास भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दिल्याचे म्हटले आहे. नाणेघाटात तर सातवाहन राजघराण्याने यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व नाणी ह्यांची मोठी यादीच खडकात आहे. परक्या देशाच्या मनुष्याने भुकेल्यांच्या जेवणासाठी ह्या डोंगरात जागा करून दिली, हे वाचून कोणास आनंद होणार नाही? त्या दात्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. तथापि ज्या विधवेने दोन टोल्या टाकल्या तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, आणि तिचे दान मात्र सर्वांत मोठे ठरले. परडीवर देणाऱ्याचे नाव ठळक लिहिण्याची हौस होईल, तेव्हा हे ध्यानात आणावे.

३. आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वाडीतील विधवा भगिनीच्या घरी भरलेली परडी नेली. भजनाची मंडळी सोबत होती. सर्वांच्या देखत ती दिली व मोठ्या संतोषाने परतलो. चार दिवसांनी परडी परत आली, ती भाताने भरून. आम्ही त्याचे कौतुक केले. पुढील नाताळात आम्ही येताना दिसताच त्या भगिनीने दार ओढून घेतले. मागाहून कळले की, आलेले भांडे रिकामे परत करू नये ह्या रिवाजापायी तिने पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यातून ते भात काढले होते. आम्ही दिलेले चार लाडू तिला पुढच्या हंगामाच्या बियाण्याला पडले.

ह्याचे उत्तर देणे बंद करावे हे नव्हे. तिसऱ्या वर्षी आम्ही परडी न नेता निरोप नेला : लाडवांसाठी नाचणी भाजावयाची आहे, आम्हांस ती साधत नाही, आपण याल काय? ती आली. तिच्या हाताला जी भाजणी साधली ती आम्हां कोणास साधली नव्हती. संध्याकाळी डबे भरले, त्यांतील एक तिने आपल्या घरी नेला आणि दुसरा आपल्या हाताने गावाबाहेरील एका आजारी म्हाताऱ्यास पोहोचविला. त्या दिवशी ती घेणारी नव्हती, देणारी होती. उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की वर्गात ह्या गोष्टीवर घाई न करता बोलावे.

४. काय करावे व किती करावे

पुढील प्रमाण पाच डब्यांचे आहे.

नाचणीचे लाडू : नाचणीचे पीठ ५०० ग्रॅम, चिरलेला गूळ ३०० ग्रॅम, तूप २५० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट १०० ग्रॅम, थोडी वेलदोड्याची पूड. पीठ तुपात मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावे. खाली उतरवून कोमट झाल्यावर गूळ व कूट मिसळून लाडू वळावेत. पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. मग ते दहा-बारा दिवस सहज राहतात. सुमारे २५ ते ३० लाडू होतात.

चिवडा : पातळ पोहे ५०० ग्रॅम, शेंगदाणे १५० ग्रॅम, डाळे १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप ५० ग्रॅम, तेल १५० मिलिलिटर, मिरच्या, कढीपत्ता, हळद व मीठ. पोहे उन्हात चांगले वाळवावेत किंवा कोरडे भाजावेत. मिरची व कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळावा, कारण त्यात राहिलेला ओलावाच पुढे चिवडा मऊ पाडतो.

कारळ्याची चटणी : कारळे २५० ग्रॅम तडतडेपर्यंत भाजून, सुक्या मिरच्या व मीठ घालून कुटावे. लसूण घालावयाचा तर तो तव्यावर अगदी कोरडा करून घ्यावा, आणि अशी चटणी आठवड्यात संपवावी.

ह्यांसोबत प्रत्येक घरी अर्धा किलो नवा तांदूळ व गुळाचा एक खडा दिला म्हणजे परडी भरली. बुरुडाकडील दुरडी व तीवर धुतलेले फडके, एवढे झाकण पुरे आहे. मासवडी आपल्याकडील नावाजलेली खरी, पण ती त्याच दिवशी खावयाची वस्तू आहे. ओल्या खोबऱ्याच्या करंज्यांचेही तसेच. त्या परडीत घालू नयेत, घरी बोलावून वाढाव्यात.

५. सांभाळावयाच्या गोष्टी

एकदा आम्ही घाईने गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावले. वाफ आतल्या आत राहिली, चिवडा चिवट झाला व त्याला कुबट वास आला. घेणाऱ्यांनी तो कोंबड्यांस घातला आणि भिडेस्तव आम्हांस सांगितले नाही. तेव्हापासून सर्व जिन्नस पूर्ण थंड झाल्यावरच भरण्याचा नियम आम्ही केला आहे.

बुरशी आलेले, काळवंडलेले किंवा कडू शेंगदाणे निवडून टाकावेत. त्या बुरशीचे विष भाजल्याने नाहीसे होत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत. छपाईच्या शाईपासून अपाय होतो, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली दिला आहे. लहान मुलांच्या घशात अख्खे शेंगदाणे अडकतात, म्हणून त्यांच्यासाठी कूटच वापरावे. ज्यांस मधुमेह आहे त्यांस गूळही साखरेइतकाच जपून खावयाचा असतो. त्यांच्या परडीत लाडवांऐवजी चटणी व कडधान्य घालावे. डब्यावर पदार्थ केल्याची तारीख लिहावी.

६. शेजाऱ्यांविषयी

दिवाळीत शेजाऱ्यांकडून आपल्या घरी फराळाचे ताट येते. नाताळात आपले ताट त्यांच्या घरी जावे हे योग्यच आहे. ह्या भागात माळकरी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्या डब्यात अंडे घातलेला केक ठेवू नये, आणि ठेवला नाही हे स्पष्ट सांगावे. डब्यात उपदेशाचे पत्रकही घालू नये. वानवळा हे आमिष नव्हे. ज्याला तो आमिष वाटेल त्याला त्यातील प्रीती दिसणार नाही.

एक कठीण गोष्ट टाळून चालणार नाही. आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांच्या हातचे अन्न गावात कोणी घेत नसे. अस्पृश्यता २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने नष्ट केली गेली; परंतु मनातील विटाळ कायद्याने एका दिवसात धुतला जात नाही. म्हणून कोणी सुचवितात की अशा घरी शिजवलेले न नेता कोरडा शिधा न्यावा. आमचे मत असे की, जो डबा सर्वांस तोच त्यांस न्यावा. घेतला तर आनंद. न घेतला तर न रागावता, न लाजता परत यावे, तो डबा वाडीतील मुलांस वाटावा, आणि पुढील वर्षी पुन्हा त्या दारी जावे. आपला हात आपणच लपवू लागलो, तर त्यात काही उणे आहे हे आपणच कबूल केल्यासारखे होईल.

७. कर्ज काढू नये

सणासाठी उसने काढण्याची खोड आपल्यात अजून आहे. पाच डबे होत नसतील तर दोन करावेत. दोनही होत नसतील तर तीन घरांनी मिळून एक करावा. एकीचे तूप, दुसरीची नाचणी, तिसरीचे सरपण व श्रम, अशी वाटणी झाली म्हणजे कोणावर भार पडत नाही. सावकाराच्या पैशाने भरलेली परडी देणाऱ्याच्या मुलांच्या ताटातून गेलेली असते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या वाडीत ह्या वर्षी कोणाच्या घरी काही सिद्ध होणार नाही? नावे मोठ्याने न घेता मनात योजावीत.
२. परडी सर्वांच्या देखत नेणे व अंधार पडल्यावर नेणे, ह्यांत भेद काय?
३. रिकामे भांडे परत करू नये ह्या रिवाजाचा भार गरिबावर पडू नये म्हणून काय करता येईल? (सूचना : परत मागावयाचे नाही असे भांडे, पानांचा द्रोण किंवा कापडाचे गाठोडे वापरता येईल.)
४. ज्यांस आपण केवळ घेणारे समजतो, त्यांच्या हाती असे कोणते कसब आहे की जे आपणांस मागून घेता येईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या मनात आले, त्याने आज घरी जाऊन नाचणी निवडावयास घ्यावी.