जुनी टाटा ४०७ घेताना

खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारात माल नेण्यासाठी आपले अनेक छोटे व्यापारी जुनी गाडी घेतात. टाटा ४०७ सन १९८६ मध्ये आली. तिचे जुने मॉडेल आजही विक्रीस दिसतात. परंतु ताजा रंग पाहून बयाणा देऊ नये, असे आम्ही सुचवितो.

गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच पाहावी. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण सैल करावे. तेथून जोराने धूर आल्यास रिंग-पिस्टन झिजले समजावे. मग खाली वाकून चासी तपासावी. पाट्यांजवळ तडा किंवा वेल्डिंग दिसल्यास जादा वजनाचा संशय घ्यावा. शेवटी माल भरून राजूर घाट चढावा-उतरावा. क्लच आणि ब्रेक तेथे खरे बोलतात. दुरुस्तीचा खर्च मिस्त्रीकडून काढून किमतीतून वजा करावा.

चासी व इंजिन नंबर आरसीशी ताडावेत. फिटनेस, कर, विमा पाहावा. कर्जाचा बोजा असल्यास फॉर्म ३५ मागावा. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. वर्षांची बचत एका सहीवर अडकते, हे विसरू नये.