हॉर्न बदलण्याआधी अर्थिंग तपासा

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात हॉर्नचे काम हलके समजले जाते. इंजिन उतरवायचे असेल तर वस्ताद स्वतः हात घालतो. हॉर्न वाजत नसेल तर काम पोऱ्याकडे जाते. पोऱ्या जुना हॉर्न काढतो, दुकानातून नवा आणतो, बसवतो. वाजला तर ठीक, नाही वाजला तर मग वायरिंगकडे नजर जाते. तोवर गिऱ्हाइकाने नव्या हॉर्नचे पैसे मोजलेले असतात. हा क्रम उलटा केला तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि मिस्त्रीचे नावही राहते. आय.टी.आय. करून गॅरेजमध्ये लागलेल्या आपल्या मुलांनी तो पहिल्यापासून अंगवळणी पाडून घ्यावा.

आपल्या दापोली तालुक्यात तर या कामाला जास्तच महत्त्व आहे. खेडहून दापोलीला येणारा रस्ता घ्या, की दापोलीहून हर्णै, केळशी, दाभोळकडे जाणारे. जांभ्याच्या दरडी आणि झाडी यांमुळे वळणापलीकडचे दिसत नाही, रस्ता अरुंद, आणि समोरून एस.टी. आली तर कुणीतरी मागे घ्यावी लागते. दुसरी गोष्ट हवेची. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. शिवाय कर्दे, मुरूडच्या किनाऱ्यावर पर्यटक गाड्या थेट ओल्या वाळूत घालतात. (घालू नयेत. समुद्राचे पाणी एकदा चासीत शिरले की साध्या धुण्याने निघत नाही.) कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तशा इथे गाडीतल्या तांब्या-पितळेच्या जोडण्या हिरव्या पडतात. हॉर्न बंद पडण्याचे मूळ बहुधा याच जोडण्यांत असते, हॉर्नमध्ये नसते.

गेल्या वर्षी मुंबईचे एक गृहस्थ आपली जुनी दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड घेऊन दापोलीला आले होते. नव्या मुलांनी ही गाडी पाहिली नसेल. मूळची ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड, ती मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून आपल्याकडे बनवली. पुढचे संपूर्ण बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडते. ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची जी उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली, ती याच हेराल्डच्या चासीवरून बेतलेली. म्हणून हेराल्डचा हॉर्न ज्याला समजला त्याला त्या स्पोर्ट्स कारचाही समजला. या गृहस्थांनी दोन वेळा नवे हॉर्न बसवून घेतले होते. महिना-दोन महिने चालायचे, मग पुन्हा मुके. बॉनेट उघडण्याआधीच ते म्हणाले, ‘‘वस्ताद, या वेळी जरा भारीतला हॉर्न लावा.’’ मी म्हटले, ‘‘साहेब, आधी हेच हॉर्न वाजवून बघू.’’

आता हॉर्नचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. हॉर्नच्या डबीत तारेची गुंडाळी, तिच्यासमोर लोखंडाचा गाभा, त्याला जोडलेला पातळ पत्र्याचा पडदा आणि एक पॉइंट असतो. करंट आला की गुंडाळी गाभ्याला ओढते, ओढताना पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा मिटतो. सेकंदाला काहीशे वेळा हे घडते आणि पडदा थरथरतो, तोच आवाज. दारावरच्या जुन्या विजेच्या घंटीचे तत्त्वही हेच.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जुन्या बहुतेक गाड्यांत हॉर्नचे बटन करंट ‘देत’ नाही. बॅटरीचा करंट फ्यूजमधून हॉर्नपर्यंत आधीच येऊन थांबलेला असतो. बटन दाबले की हॉर्नचे दुसरे टोक बॉडीला, म्हणजे अर्थला, मिळते आणि चक्र पुरे होते. हेराल्ड-स्पिटफायर घराण्यात हा अर्थ स्टिअरिंगच्या दांड्यातूनच खाली जातो. मध्ये रबरी कपलिंग लागते. रबरातून वीज जात नाही, म्हणून कपलिंगवरून तांब्याची छोटी पट्टी किंवा तार टाकलेली असते. त्यापुढे स्टिअरिंगचा रॅक, तोही रबरावर बसवलेला, म्हणून तिथून चासीला आणखी एक अर्थ. कपलिंग बदलताना ही पट्टी लावायची राहिली, किंवा ती हिरवी पडून तुटली, की हॉर्न गेला. स्टिअरिंग मात्र उत्तम चालते, त्यामुळे तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

तपासणी अशी करावी. हत्यार म्हणून महागडे काही नको. १२ व्होल्टचा, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी व दोन चिमटे लावा. आणि मध्ये फ्यूज घातलेली एक सुटी वायर तयार ठेवा. सुरुवातीला बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे ते बघा. त्या काळच्या काही ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते, तिथे नेहमीच्या सवयीने हात चालवला तर नुकसान होते. मग हॉर्नच्या दोन्ही वायरी सोडवून हॉर्न थेट बॅटरीवर वाजवा. वाजला तर हॉर्न निर्दोष. नवा आणायचा विचार तिथेच सोडून द्या. यानंतर हॉर्नला येणारी करंटची वायर आणि चासी यांच्यामध्ये बल्ब लावा. लख्ख पेटला तर फ्यूजपर्यंतची बाजू बरी. मिणमिणला तर फ्यूजची पकड किंवा मधली जोडणी पॉलिश पेपरने घासा. आता हॉर्न पुन्हा जोडा आणि बटनाकडे जाणारी वायर हॉर्नजवळच सुट्या वायरने चासीला टेकवा. हॉर्न खणखणीत वाजला तर दोष बटन, स्टिअरिंगचा दांडा आणि त्याचा अर्थ यांतच आहे. शेवटी सुट्या वायरीचे एक टोक चासीला धरून दुसरे टोक आधी रॅकला, मग कपलिंगच्या वर दांड्याला टेकवा आणि दर वेळी साथीदाराला बटन दाबायला सांगा. जिथे टेकवल्यावर हॉर्न बोलतो, त्याच्या आणि चासीच्या मधली जोडणी तुटलेली आहे.

त्या हेराल्डमध्ये रॅकला टेकवले, काही नाही. कपलिंगच्या वर टेकवले आणि हॉर्न असा वाजला की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. पट्टी जागेवर होती, पण तिच्या टोकाखाली हिरवी पूड साचली होती. नवे हॉर्न बसवताना आधीच्या मिस्त्रींनी वायरिंग हलवले असेल, त्या हिसक्याने थोडा संपर्क येऊन काही दिवस हॉर्न चालायचा एवढेच.

इथे मीटरविषयी एक इशारा देतो, कारण शिकलेली मुले याच ठिकाणी फसतात. मीटर लावला तर तो हिरव्या पडलेल्या जोडणीतूनही पुरे १२ व्होल्ट दाखवतो, आणि मुलगा म्हणतो, करंट तर येतोय, म्हणजे हॉर्नच खराब. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट खेचत नाही, त्यामुळे त्याला जोडणीतला अडथळा जाणवत नाही. दोन हॉर्न मिळून साधारण ८ अँपिअर खेचतात असे धरा, म्हणजे त्यांचा स्वतःचा अडथळा दीड ओहम झाला. गंजलेल्या जोडणीत नुसता अर्धा ओहम आला तर एकूण दोन ओहम, करंट ६ अँपिअरवर उतरतो आणि ३ व्होल्ट त्या गंजातच जिरतात. हॉर्नच्या वाट्याला ९ उरतात, तो घसा बसल्यासारखा बोलतो. म्हणून मीटर वापरायचाच असेल तर बटन दाबलेले असताना वापरा. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला, दुसरे स्टिअरिंगच्या दांड्याला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थिंग साफ करायला हवे.

हे सर्व मी शहाणपणाने सांगत आहे, पण शिकलो ते चुकीतूनच. बऱ्याच वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावातले गिऱ्हाईक प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. हॉर्न कधी वाजे, कधी नाही. मी मीटर लावला, १२ व्होल्ट पाहिले आणि नव्या हॉर्नची जोडी बसवून पैसे घेतले. पंधरा दिवसांनी ते परत आले. भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘वस्ताद, हॉर्न नवीन, पण सवय जुनीच.’’ एका वळणावर दाबला तो वाजला नव्हता आणि समोरून सायकलवर मूल आले होते. अल्लाहच्या कृपेने मूल वाचले, गाडी गटारात गेली. मी शोधले तेव्हा बॉडीच्या अर्थच्या बोल्टखाली रंग आणि गंज निघाला. त्यांचे जुने हॉर्न अजून माझ्या भंगाराच्या डब्यात होते. पुसून बसवले, दोन्ही वाजले. नव्या जोडीचे पैसे मी परत दिले. ते घेत नव्हते, तरी दिले. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्याला जो इशारा आहे तो तराजूवाल्यापुरता आहे, असे मला तोवर वाटत असे.

आता बाकीच्या खुणा. स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल तर चाकाखालची पितळी कडी किंवा तिच्यावर टेकणारा ब्रश झिजला आहे. हॉर्न आपोआप सुरू होऊन थांबतच नसेल तर बटनाची वायर दांड्यात घासून बॉडीला लागली आहे. आधी फ्यूज काढा, मग शोधा. नुसता ‘टक’ आवाज येत असेल तर करंट कमी पडतो आहे किंवा पॉइंट चिकटले आहेत. पॉइंट चिकटले असतील तरच हॉर्नच्या पाठीमागचा छोटा स्क्रू फिरवावा. आवाज नेमका बंद होईल तिथवर आणून मग पाव फेरा परत. मधला मोठा खाचेचा गाभा मात्र फिरवू नये. तो पडद्याचा आहे, हलला की हॉर्न पुन्हा सुरात येत नाही.

बरेच मिस्त्री यावर रिले बसवून मोकळे होतात. रिले चांगली वस्तू आहे. बटनातून ८ अँपिअर जाण्याऐवजी एक पंचमांशाहून कमी अँपिअर जातो आणि बटन टिकते. ३० नंबरला फ्यूजमधून करंट, ८७ वरून हॉर्नला, ८६ ला करंट, ८५ बटनाच्या वायरीला, आणि हॉर्नचे दुसरे टोक घासून साफ केलेल्या चासीला. पण खराब अर्थवर रिले बसवू नये. एवढ्याशा करंटला गंजका अर्थही काही दिवस पुरतो, काम झाल्यासारखे वाटते, आणि पावसाळ्यात सारे पुन्हा बंद. आधी पट्टी साफ, मग हवा तर रिले.

जुन्या गाडीवाल्यांना कायद्याचीही गरज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११९ प्रमाणे गाडीला विजेचा हॉर्न असावाच लागतो, आणि एकामागून एक वेगळे सूर काढणारे किंवा कर्कश हॉर्न चालत नाहीत. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागते, आपल्या एम.एच.-०८ वाल्यांनी त्याआधी हॉर्न पाहून घ्यावा. विनाकारण हॉर्न वाजवण्यावरही २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे.

राहिला मजुरीचा प्रश्न. ‘पट्टी घासली, त्याचे एवढे पैसे?’ असे गिऱ्हाईक विचारते, आणि पूड साफ करायला खरोखर दहाच मिनिटे लागतात. शोधायला तास लागला, हे त्याला दाखवावे लागते. मी बिलावर ‘दोष शोधणे’ असा वेगळा रकाना ठेवतो आणि तपासताना गिऱ्हाइकाला बल्ब हातात धरायला देतो. बल्ब मिणमिणताना त्याने स्वतः पाहिला की तो घासाघीस करत नाही. हेराल्डवाल्या गृहस्थांना दोन्ही जुने हॉर्न ठेवून, नवी तांब्याची पट्टी, दोन्ही टोकांना घासलेला पत्रा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात एवढे काम करून दिले. जेली पावसाळ्याआधी दर वर्षी लावायची, हेही बिलाच्या मागे लिहून दिले आहे.