तिसरीच्या वर्गातला जिल्हा

भांडुपच्या डोंगराकडेच्या एका महापालिका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. तिसरीला परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो. शाळा सांभाळून मतदार याद्यांची कामं आली, २०११ची जनगणना आली. या निमित्तानं मुंबई उपनगर जिल्हा मला पुस्तकातून कमी आणि जिने चढून जास्त कळला. हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. त्याचं मुख्यालय वांद्र्याला आहे आणि कुर्ला, अंधेरी, बोरीवली असे त्याचे तीन तालुके. तरीही मुलुंडच्या चांगल्या शिकलेल्या माणसाला ‘तुमचा तालुका कोणता?’ असं विचारलं की तो थबकतो. तालुका कुर्ला, आणि त्याचं तहसील कार्यालय खुद्द मुलुंडमध्येच आहे. नव्यानं या वर्गावर येणाऱ्या शिक्षकांसाठी माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी इथे लिहिते.

१. सुरुवात स्टेशनांपासून करू नये, डोंगरापासून करावी.

मुलांना उपनगरं पाठ असतात ती गाडीच्या क्रमानं. घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. पश्चिमेची मुलं अंधेरीपासून दहिसरपर्यंत तशीच धडाधडा म्हणतात. पण एका ओळीतलं स्टेशन आणि दुसऱ्या ओळीतलं स्टेशन यांच्यामध्ये काय आहे, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. मध्ये आहे तो डोंगर. बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्याला लागून आरे, खाली पवई. साष्टी बेटाचा हा कणा आहे आणि बाकी सगळं त्याच्या उतारावर नाहीतर त्याच्या पायथ्याच्या खाजणात वसलेलं आहे.

पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या जड का गेलं, याचं उत्तर या डोंगरात आहे. ८ जून २०१४ला घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाली. तोवर घाटकोपरच्या माणसाला अंधेरी गाठायची तर बसमध्ये ताटकळायचं, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलायची. मुलुंड आणि बोरीवली नकाशावर एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसल्यात, पण मुलुंडच्या मुलीचं स्थळ बोरीवलीचं निघालं तर आई अजूनही ‘लांब पडेल’ म्हणते. आता गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्यासाठी डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या जुळ्या बोगद्यांचं काम चालू आहे. रस्ता झाला की आईचं मतही बदलेल. आधी मुलांना डोंगर दाखवावा. मग बोगदा कशासाठी, हे त्यांना आपोआप समजतं.

२. नळ कुठून येतो, हे विचारल्याशिवाय भूगोल पुरा होत नाही.

आमच्या शाळेच्या वरच्या अंगाला भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. साऱ्या मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथून गाळून जातो. त्याच डोंगरउतारावरच्या वस्त्यांमध्ये मात्र पाणी चढत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली सकाळी उशिरा यायच्या आणि कारण विचारलं की एकच शब्द: पाणी. खालच्या नळावरून हंडे भरून वर नेल्यावरच दप्तर हातात घेता यायचं. उशिराबद्दल त्यांना कुणी रागावलेलं मला कधीच सहन झालं नाही.

जिल्ह्याच्या हद्दीत तीन तलाव आहेत. विहार १८६०मधला, तुळशी १८७९मधला आणि पवई १८९१मधला. पवईचं पाणी पिण्याच्या कामी येत नाही. विहारची क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर आणि तुळशीची ८,०४६. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची मिळून क्षमता साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं आपलं पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि निम्म्याच्या जवळपास एकट्या भातसाचं, शहापूर तालुक्यातलं. त्या शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. हा अडीच टक्क्यांचा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. हंडा वाहणाऱ्या मुलीला शहापूरच्या मुलीचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या मजल्यापर्यंत पंप बसवलेल्या इमारतीतल्या मुलाला मात्र ते सांगावंच लागतं, आणि सांगितलं की त्यालाही कळतं. मुलं समजूतदार असतात.

नद्यांचंही तसंच. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा. चारही याच डोंगराळ पट्ट्यात उगम पावतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मिठी ही नदी आहे हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. त्याआधी तिला सगळे नालाच म्हणत. मुलांना दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या आत दाखवावी, जिथे ती दगडांतून स्वच्छ वाहते, आणि त्याच दिवशी बाहेर येऊन पुलावरूनही दाखवावी. वेगळं काही बोलायची गरज पडत नाही.

३. गावं गेलेली नाहीत. वाकून आत शिरावं लागतं.

जनगणनेच्या भाषेत हा जिल्हा संपूर्ण नागरी आहे. ग्रामीण लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. पण वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यात ऑक्टोबरनंतर जाऊन पाहा. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, जाळी विणायला माणसं बसलेली असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घराघरात उधारीचा हिशेब चालतो. मढ, मनोरी, गोराईलाही तेच. आणि मासळीचा पैसा कोळणीच्या हातातून फिरतो. दाखला भरताना ‘आईचा व्यवसाय: गृहिणी’ असं सवयीनं लिहिणाऱ्या शिक्षकानं कोळीवाड्यात एकदा तरी ही सवय मोडावी.

गोराई-मनोरीला बोरीवली आणि मालाडच्या बाजूनं अजूनही बोटीनं जावं लागतं. पलीकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं आहेत. घरात मराठी बोलतात, लग्नात उंबराचं पाणी आणतात, आणि त्यांची मुळं या बेटावर पोर्तुगीजांच्याही आधीची आहेत. पोर्तुगिजांना हा मुलूख १५३४मध्ये मिळाला. १७३७मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७७४च्या अखेरीस ती इंग्रजांच्या हाती गेली. राज्यं बदलली, शेतं आणि विहिरी त्याच लोकांच्या राहिल्या.

त्याहीआधीचं पाहायचं तर बोरीवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर चक्क नौकांची लढाई कोरली आहे. सहलीत मुलं त्या वल्ह्यांच्या रांगा बोटानं मोजत बसायची. मला तिथून त्यांना उठवणं फार जिवावर यायचं.

आरेतल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी पाड्यांबद्दल थोडं जास्त सांगते. १९४९मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि शहरातले म्हशींचे गोठे तिथे आणले गेले. पण पाडे त्याआधीपासून तिथे होते. तिथली माणसं पावसाळ्यात भाजी लावतात, भात लावतात, वाघोबाला मानतात. बिबट्या त्यांच्या अंगणावरून जातो आणि ते त्याला त्याची वाट देतात. ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रो कारशेडसाठी एका रात्रीत झाडं पडू लागली, तेव्हा पाड्यांवरच्या बायका आणि कॉलेजातली पोरं एकत्र रस्त्यावर आली होती. मी मेट्रोनं आनंदानं फिरते, पण ज्यांच्या अंगणात हे घडतं त्यांना आधी विचारलं पाहिजे, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. इथल्या गावठाणांची आणि पाड्यांची सीमा कागदावर नीट आखली जाणं, हे या जिल्ह्यातलं सगळ्यात तातडीचं काम आहे, असं माझं मत आहे.

४. जिल्ह्याची अर्थव्यवस्था शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते.

जनरल रजिस्टरमध्ये पालकाच्या व्यवसायाचा रकाना असतो. मी नवी लागले तेव्हा जुनी रजिस्टरं नव्या वहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या रकान्यानं मला जे शिकवलं, ते कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नाही. जुन्या पानांवर ओळीनं कंपन्यांची नावं. लाल बहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पद्मिनी मोटारी बनत, विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सिएटचे टायर. बाप कोकणातून किंवा घाटावरून आलेला, कंपनीत फिटर नाहीतर टर्नर, डोंगरावर एक खोली, गावाला दर महिन्याला मनीऑर्डर. दिवाळीला बोनस झाला की मुलांच्या अंगावर नवे कपडे दिसायचे. पश्चिमेला मरोळची एमआयडीसी, १९७३पासून सीप्झ, विलेपार्ल्याला १९२९पासूनचा पार्ल्याचा कारखाना. तिथल्या बिस्किटांच्या वासानं स्टेशन कळायचं असं जुनी माणसं सांगतात. तो कारखानाही २०१६मध्ये बंद झाला.

पुढच्या पानांवर कंपन्यांची नावं विरळ होत जातात. ‘रिक्षा’, ‘सुरक्षारक्षक’, ‘चालक’, ‘मजुरी’. आईच्या रकान्यात ‘घरकाम’ हा शब्द वाढत जातो. तो स्वतःच्या घरचा नव्हे, दुसऱ्यांच्या घरचा. माझ्या शेवटच्या वर्षांत ‘डिलिव्हरी’ आला. कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले आणि आजोबा जिथे फिटर होते त्याच जागेच्या फाटकावर नातू निळा शर्ट घालून वही घेऊन बसला. त्याला पगार आहे, पण आजोबांना होती तशी कायम नोकरी नाही. प्रॉव्हिडंट फंड भरला जातो की नाही, हे त्याला स्वतःला नीट सांगता येत नाही.

म्हणून जिल्ह्याची अर्थव्यवस्था शिकवताना ‘येथे अनेक उद्योगधंदे आहेत’ हे वाक्य लिहून देऊ नये. मुलांना घरी जाऊन विचारायला लावावं: आजोबा काय करत होते, बाबा काय करतात, आई सकाळी किती वाजता निघते. दुसऱ्या दिवशी फळा भरून जातो आणि सगळा वर्ग स्वतःचा इतिहास वाचतो. मोठ्या पडद्याचं सांगायचं तर मालाडला १९३४मध्ये बॉम्बे टॉकीज आणि गोरेगावला १९४३मध्ये फिल्मिस्तान उभं राहिलं. या धंद्यातही सुतार, रंगारी, शिंपी, दिवे धरणारे लागतात. त्यांचीही मुलं आपल्याच शाळांत येतात.

५. ‘रिकामी जागा’ हा शब्द वर्गात वापरू नये.

ऐरोलीकडे जाताना मुलुंडची मिठागरं दिसतात. मुलं म्हणतात, बाई, केवढी रिकामी जागा! तिथे मीठ पिकायचं, आगरी माणसं उन्हात राबायची, पावसाळ्यात हीच जमीन पाणी पोटात घेते. पलीकडे तिवरं आणि ठाण्याची खाडी. त्या खाडीला २०१५मध्ये रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य घोषित केलं गेलं आणि २०२२मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. २०२४मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीतल्या रहिवाशांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. गरिबाला घर मिळालंच पाहिजे, हे मी डोंगरावरच्या वस्तीत आयुष्य काढलेली बाई म्हणून सांगते. पण ते भरतीच्या पाण्याच्या वाटेवर नको. डोंगरावर जागा नाही म्हणून कड्याला चिकटलेल्या घरांचं काय होतं, ते आपण घाटकोपरला जुलै २०००मध्ये आणि विक्रोळीच्या सूर्यनगरला जुलै २०२१मध्ये पाहिलंय. सूर्यनगरच्या दुसऱ्या दिवशी वर्ग ऑनलाइन होता. पावसाचा आवाज वाढला की मुलं पडद्यावरून बाजूला बघत होती. त्या घरांच्या बदल्यात खाजणातली घरं देणं म्हणजे एका संकटातून उचलून दुसऱ्यात ठेवणं.

६. हा जिल्हा कुणाचा, हेही सांगावं.

माझी एक विद्यार्थिनी अमेरिकेत आयोवा राज्यात असते. तिथे ९९ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग आहेत आणि प्रत्येकीचं लोकांनी निवडून दिलेलं मंडळ आहे, काही हजार वस्तीच्या काउंटीलासुद्धा. आमच्या जिल्ह्यात २०११ला ९३ लाख ५६ हजार ९६२ माणसं होती आणि इथे जिल्हा परिषद नाही. कारभार बृहन्मुंबई महापालिकेचा, मुंबई शहर जिल्ह्यासकट. गोराईच्या शेतकऱ्याच्या आणि कुलाब्याच्या रहिवाशाच्या प्रश्नांना एकच घर.

७. मोजायला जाणाऱ्यांसाठी.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे आणि त्याआधी फेब्रुवारीत माणसांची मोजणी होईल. या वेळी नोंद मोबाइलवर होणार आहे, तरी चालायचं पायांनीच आहे. वस्तीत सकाळी अकराला जाऊ नये, घरं कुलूपबंद असतात. संध्याकाळी सातनंतर जावं. पोटमाळ्यावर भाड्यानं राहणाऱ्या मुलांबद्दल घरमालक आपणहून बोलत नाही. शिडी दिसली की विचारावं. दुकानात आणि कारखान्याच्या गाळ्यात झोपणारी माणसंही मोजायची असतात. पाड्यावर जाताना ओळखीच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सोबत घ्यावं, म्हणजे दारं उघडतात. बाईला कामाबद्दल विचारताना ‘काही काम करता का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही, घरीच’ असं येतं. त्याऐवजी ‘सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारावं आणि मग मणी ओवणं, पापड लाटणं, मासळी वाळवणं, चार घरची भांडी घासणं, जे सांगेल ते सगळं पुरं ऐकून घेऊन नोंदवावं.