मारिओची उडी आणि आपली उडी

चिमूरला अकरावीच्या वर्गात मी एकदा विचारले, "लांब उडी मारणारा मुलगा जमीन सुटल्यावर हवेतूनच मागे येऊ शकेल काय?" बरेच हात वर झाले. एकाने दाखलाही दिला, "सर, मारिओ येतो की!" उत्तर चूक होते, पण दाखला मोलाचा होता. आज तोच तपासू.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ साली काढला. शिगेरू मियामोतो हे त्याचे रचनाकार. टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायच्या संचांतून १९९० नंतर तो आपल्याकडेही पुष्कळ घरांत पोहोचला.

आधी गुण पाहू. पहिल्याच पडद्यावर समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारण्यावाचून गत्यंतर नसते. सूचना न वाचताच मूल खेळ शिकते. शिक्षकांनीही ध्यानात घ्यावी अशी ही रीत आहे.

दुसरा गुण उडीचा. लहान मारिओ एका चौकटीएवढा उंच असतो. बटण दाबून धरले तर तो जागेवरून चार चौकटी चढतो. त्याला सुमारे अर्धा सेकंद लागतो. एक चौकट १ मीटर धरू.

अंतर = ½ × त्वरण × काळ²
म्हणून त्वरण = २ × ४ ÷ (०.५)² = ३२ मीटर प्रतिसेकंद²

पृथ्वीवर हे त्वरण ९.८ असते. म्हणजे मारिओच्या जगात गुरुत्व तिपटीहून अधिक! पृथ्वीवर ४ मीटर चढायला सुमारे ०.९ सेकंद लागला असता. तेवढी वाट पाहणे खेळणाऱ्याला कंटाळवाणे होते. शिवाय बटण सोडताच गुरुत्व आणखी वाढते. म्हणून थोडे दाबले तर उडी ठेंगणी, दाबून धरले तर उंच. उडी बोटाच्या ताब्यात राहते.

आता दोष. पडदा उजवीकडेच सरकतो. मागे राहिलेली वस्तू आणायला परतता येत नाही. पुढच्या काही किल्ल्यांत वाट चुकली की तोच रस्ता पुन्हा येतो, पण काय चुकले ते कळत नाही. आरंभी उत्तम शिकवणारा खेळ इथे शिकवणे सोडतो.

राहिले हवेत मागे येणे. खेळात तो गुण आहे, विज्ञानात मात्र दोष. न्यूटनचा पहिला नियम सांगतो की बाह्य बलाशिवाय वेग बदलत नाही. हवेत पायाला रेटायला जमीन नसते. हातपाय हलवून शरीराची ठेवण बदलते, पण गुरुत्वमध्याचा मार्ग बदलत नाही. ताडोबाच्या रानात नाला ओलांडणारे चितळही पाय टेकल्यावरच दिशा बदलते.

करून पाहा : शाळेच्या वाळूच्या खड्ड्यात धावत येऊन उडी मारा आणि हवेत असतानाच मागे येण्याचा प्रयत्न करा. वाळूतला ठसा काय सांगतो? मग मारिओ जरूर खेळा. मात्र त्याचे नियम पडद्यावरच राहू द्या.